नियोजन एकीकडे, रोजचं काम दुसरीकडे: संस्थांमध्ये वारंवार येणारी अडचण

सामाजिक संस्थांमध्ये ही तक्रार बहुतेक वेळा संचालकांकडून येते आणि तिचे शब्द जवळजवळ ठरलेले असतात. "सगळे राबतात, कुणी कामचुकार नाही, पण तीन वर्षांचं जे ठरवलं होतं ते पुढे सरकत नाही." कार्यकर्त्यांकडून तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकू येते. "नियोजन झालं, छान झालं, पण आमचं काम आहे तेच आहे. वर एक फॉर्म वाढला." दोघंही खरंच बोलत असतात. मग एक निवासी कार्यशाळा होते, ध्येयवाक्य नव्याने छापून भिंतीवर लागतं, थोडे दिवस उत्साह टिकतो आणि पुढच्या नियोजनाला पुन्हा तीच चर्चा सुरू होते.

अडचण परत परत येते, कारण दरवेळी तिच्यावर उपाय एकच केला जातो: उद्दिष्टं पुन्हा समजावून सांगणं. कार्यकर्त्यांना उद्दिष्टं कळलेलीच नाहीत, हे गृहीतकच बहुतेक ठिकाणी चुकीचं असतं. कित्येकांना ती पाठ असतात. पण सकाळी ऑफिसात आल्यावर कुठलं काम आधी हातात घ्यायचं, हे उद्दिष्टावरून ठरत नाही. ते ठरतं काल आलेल्या फोनवरून, शुक्रवारी द्यायच्या रिपोर्टवरून आणि आढावा बैठकीत वरिष्ठ काय विचारतील या अंदाजावरून. दुरुस्ती करायची ती या तीन ठिकाणी.

आधी तपासणी

सुरुवात वेळेपासून करा. प्रत्येकाने दोन आठवडे फक्त एवढंच लिहायचं: सकाळच्या सत्रात मुख्यतः काय केलं आणि दुपारच्या सत्रात काय. अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब मागू नका. तो खरा कुणी भरत नाही, आणि भरलाच तर भरण्यातच वेळ जातो. वर्षअखेरीचा किंवा मोठ्या कार्यक्रमाचा पंधरवडा यासाठी निवडू नका. ही नोंद हजेरीशी, पगाराशी किंवा मूल्यमापनाशी जोडलेली नाही हे आधी स्पष्ट सांगा, आणि सांगितलेलं पाळा. संचालकांनीही स्वतःची नोंद ठेवायची. ती सगळ्यांच्या आधी बैठकीत ठेवली तर बाकीचे मोकळेपणाने लिहितात.

जमलेल्या नोंदींचे चार गट करा. उद्दिष्टाच्या दिशेने थेट नेणारं काम. देणगीदारांसाठीचं काम, म्हणजे रिपोर्ट, फोटो, पाहुण्यांच्या भेटी. संस्था चालती ठेवणारं काम, म्हणजे हिशेब, खरेदी, रजा, गाड्यांची व्यवस्था. आणि अचानक अंगावर आलेलं काम. तिसरा गट म्हणजे वाया गेलेला वेळ असं समजून कुणावर डाफरू नका. तो गट नसेल तर पहिला उभाच राहत नाही. चौथ्या गटातलं प्रत्येक काम कुणाकडून आलं तेही शेजारी लिहून ठेवा. त्याचा उगम बऱ्याचदा संचालकांच्याच "जरा दहा मिनिटांचं काम आहे" या फोनमध्ये सापडतो.

दुसरी तपासणी कागदाची आहे. मागच्या काही आढावा बैठकांची टिपणं काढा आणि त्यात काय काय विचारलं गेलं ते बघा. टिपणांत प्रश्न लिहिलेले नसतीलच, तर पुढच्या बैठकीत एकाने फक्त प्रश्न उतरवून घ्यायचे. "किती झाले?", "रिपोर्ट कुठवर आला?", "फोटो आहेत ना?" असेच प्रश्न पानभर निघाले, तर कार्यकर्ते नेमके कशाच्या मागे आहेत हे वेगळं शोधायला नको. ते विचारल्या जाणाऱ्या गोष्टी करतात. कुणीही तेच करेल.

तिसरी तपासणी एका वाक्याची. प्रत्येकाला वेगवेगळं बसवून हे वाक्य पुरं करायला सांगा: "मी अमुक करते, त्यामुळे तमुक लोकांना असं असं करता येतं, आणि त्यातून हा बदल घडतो." समजा संस्थेचं उद्दिष्ट प्राथमिक शाळेतल्या मुलांना समजून वाचता यावं हे आहे. एक कार्यकर्ती म्हणते, "मी शिक्षकांचं प्रशिक्षण घेते, त्यामुळे शिक्षक..." आणि थांबते. प्रशिक्षणानंतर शिक्षकांनी वर्गात नेमकं काय वेगळं करायचं, हे तिला सांगता येत नाही. ती एकटीच इथे अडली तर तिच्याशी बोला. पण चार जण याच जागी अडले, तर दोष माणसांत नाही, नियोजनात आहे: प्रशिक्षण आणि मुलांचं वाचन यांच्या मधली पायरी लिहायचीच राहून गेली आहे. कार्यशाळांत "जाणीव" आणि "सक्षमीकरण" असे मोठे शब्द येतात तेव्हा बहुतेक वेळा याच जागेवर पांघरूण पडलेलं असतं.

तपासणीत आणखी एक गोष्ट दिसू शकते, आणि ती दिसली तर घाईने दुरुस्त करायला जाऊ नका. नियोजनात नसलेलं एकच काम वेगवेगळ्या भागांतले तीन-चार कार्यकर्ते एकमेकांना न विचारता करत असतील, तर त्याला भरकटणं म्हणण्याआधी चौकशी करा. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग आणि जेम्स वॉटर्स यांनी १९८५ साली मांडलं होतं की धोरण दोन तऱ्हेने तयार होतं. एक आधी ठरवून अमलात आणलेलं आणि दुसरं कामातून आपोआप आकाराला आलेलं. वाचनाच्या कार्यक्रमातले कार्यकर्ते संध्याकाळी पालकांशी बोलण्यात वेळ घालवत असतील, तर मुलं शाळेत का येत नाहीत याचं उत्तर त्यांना तिथे मिळत असणार. अशा वेळी काम बदलायचं की नियोजन, हे उघडपणे ठरवायला हवं.

तयार साधनं का अपुरी पडतात

उद्दिष्टं आणि माणसांचं काम यांची सांगड घालायच्या पद्धती जुन्याच आहेत. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना १९५४ मध्ये मांडली. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत तिला आटोपशीर रूप दिलं, आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. आज तिलाच ओकेआर म्हणतात, म्हणजे उद्दिष्टं आणि त्यांचे मोजता येणारे मुख्य परिणाम. ही साधनं वाईट नाहीत. पण ती कंपन्यांत घडली. कंपनीत बहुतेक वेळा जो पैसे देतो तोच वस्तू वापरतो, त्यामुळे त्याचं समाधान आणि कंपनीचं उद्दिष्ट फार लांब जाऊ शकत नाहीत. सामाजिक संस्थेत पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा असतो. कार्यकर्ता रोज या दोघांच्या मधोमध उभा असतो, आणि ओढ कुठली जास्त असणार हे सांगायला नको: ज्या बाजूला तारीख आणि सही असते तिची.

लॉगफ्रेमची, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं, कामं आणि मोजमापं एकाच तक्त्यात मांडण्याच्या पद्धतीची, गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती तयार झाली. ती एका प्रकल्पासाठी होती, पूर्ण संस्थेसाठी नव्हती. पाच प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेकडे पाच लॉगफ्रेम असतात, प्रत्येकीत वेगळे इंडिकेटर (प्रगती मोजायची मापं), वेगळ्या तारखा, वेगळे शब्द. पाचांची बेरीज करून संस्थेचं उद्दिष्ट किती पुढे गेलं हे सांगणारा कागद मात्र कुठेच नसतो. एकाच कार्यकर्त्याचा पगार दोन प्रकल्पांतून निघत असेल, तर त्याची कसरत कशी होत असेल याची कल्पना करा.

बिघाड रिपोर्टमध्ये असेल तर

वेळेच्या नोंदीत दुसरा गट, म्हणजे देणगीदारांसाठीचं काम, फुगलेला दिसला, तर इथे हात घाला. देणगीदारांना सहसा मोजायला सोपं ते हवं असतं: किती प्रशिक्षणं, किती उपस्थिती, किती साहित्य वाटलं. मग प्रशिक्षणं वाढतात, उपस्थिती भरते, आणि मुलं तिथेच अडखळतात जिथे आधी अडखळत होती. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हा धोका दाखवला होता. पुढे १९९७ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मेरिलिन स्ट्रॅथर्न यांनी तो सोप्या शब्दांत मांडला: मोजमाप हेच लक्ष्य बनलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही.

देणगीदाराला दोष देऊन भागत नाही. तो जे मागतो ते बहुतेक वेळा आपल्याच प्रस्तावात आपणच लिहून दिलेलं असतं. म्हणून बोलणी करायची ती प्रस्तावाच्या टप्प्यावर. करार झाल्यानंतर इंडिकेटर बदलून मागणं अवघड असतं, अशक्य नसलं तरी. त्याआधी संस्थेची स्वतःची इंडिकेटरची एकच यादी हवी, छोटी, एका पानात मावणारी. नवा प्रस्ताव लिहिताना आधी या यादीतलेच इंडिकेटर पुढे करायचे. देणगीदाराला आणखी काही हवं असेल तर ते द्या, पण त्यासाठी लागणारा माणूस-वेळ बजेटमध्ये दाखवा. रिपोर्ट लिहिणं हे काम आहे, ते हवेत होत नाही. तरीही बहुतेक बजेटांत त्याची ओळ नसते आणि ते फील्डवरच्या माणसाच्या रात्रीतून वसूल होतं.

जुन्या करारांसाठी एक तडजोड चालते. दर महिन्याला सगळ्या प्रकल्पांची माहिती एकाच तक्त्यात, एकदाच भरायची, आणि प्रत्येक देणगीदाराचा रिपोर्ट त्यातून कुणीतरी एकाने काढायचा. कार्यकर्त्याने तीच संख्या तीन फॉर्ममध्ये लिहायची नाही. एवढ्यानेही कधीकधी आठवड्यातली एक दुपार सुटते, आणि ती दुपार नेमकी कशासाठी वापरायची हे लगेच ठरवून टाका. नाहीतर चौथा गट, म्हणजे अचानक आलेलं काम, तिचा घास घेतो.

जुनं काही सोडलंच नसेल तर

माझ्या मते सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण हेच आहे. नवं नियोजन जुन्या कामावर ठेवलं जातं. माणसं तेवढीच, तास तेवढेच, आणि कामांच्या यादीत चार नवी कलमं. पुढे जे व्हायचं ते होतं: जुन्या कामाची सवय असते, लोकांना ते अपेक्षित असतं, त्याच्या तारखा ठरलेल्या असतात, म्हणून ते होतं. नवं मागे पडतं.

कंपनीत एखादं उत्पादन खपत नाही म्हणून बंद करता येतं. संस्थेत बंद करायला असा आकडा हाती नसतो. त्या कार्यक्रमावर संस्थापकांचा जीव असतो, त्यातून काही कुटुंबांना आधार मिळत असतो, एखाद्या कार्यकर्त्याची सगळी ओळख त्यावर उभी असते. त्यामुळे बैठकीत "हे थांबवूया" असं म्हणायला कुणी धजत नाही आणि विषय "पुढच्या वर्षी बघू" वर जातो.

नियम असा ठेवा: नियोजनात नवं कलम लिहिताना त्याच्याच समोर, त्याच ओळीत, कुठलं काम कमी होणार ते लिहायचं. रकाना रिकामा असेल तर कलम मंजूर नाही. कमी करण्याच्या तीन तऱ्हा असतात आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. पूर्ण बंद करणं. दुसऱ्या संस्थेकडे किंवा लोकांच्याच गटाकडे सोपवणं. किंवा आठवड्याचं काम महिन्यावर नेणं. प्रत्येकासमोर तारीख हवी आणि ज्यांच्यासाठी ते काम चालतं त्यांना कोण सांगणार त्याचं नाव हवं. हे शेवटचं नाव फार महत्त्वाचं. ते नसेल तर सांगायची वेळ फील्डवरच्या सगळ्यात कनिष्ठ माणसावर येते. मग तो सांगत नाही, आणि काम गुपचूप चालूच राहतं.

विश्वस्तांच्या बैठकीत हा रकाना दाखवा. नव्या उपक्रमांना टाळ्या मिळतात. बंद झालेल्या कामांची चर्चा सुरू झाली की विश्वस्तांनाही नियोजन म्हणजे निवड असते हे दिसू लागतं.

मधल्या माणसाकडे लक्ष द्या

संचालकांचं बोलणं धोरणाचं, कार्यकर्त्यांचं बोलणं अडचणींचं. या दोन्हींचं भाषांतर करणारा माणूस म्हणजे समन्वयक. कार्यशाळेत त्याला जेवणाची आणि खोल्यांची व्यवस्था बघायला लावतात. धोरणाच्या चर्चेत तो अर्धाच असतो, आणि नंतर ते धोरण खाली पोहोचवायची जबाबदारी त्याचीच. हे बदलल्याशिवाय बाकी काही टिकत नाही.

समन्वयकाच्या हातात एक मोठी गोष्ट असते: साप्ताहिक बैठकीतला पहिला प्रश्न. तो बदलून बघा. नेहमीची बैठक अशी सुरू होते:

"ताई, या आठवड्यात किती शाळा झाल्या?"

"सहा झाल्या, सर. एक राहिली."

"बरं, पुढच्या आठवड्यात ती करून टाका."

या संवादात खोटं काहीच नाही, पण मुलं कुठेच नाहीत. आता हाच संवाद असा:

"ताई, ज्या वर्गात मुलं शब्दांवर अडत होती, तिथे या वेळी काय दिसलं?"

"दोन शाळांत शिक्षक रोज वाचून घेतात, तिथे फरक आहे. बाकी ठिकाणी तक्ते कपाटातच आहेत."

"मग पुढच्या आठवड्यात सगळीकडे जायचं की त्या बाकीच्या ठिकाणी जास्त वेळ थांबायचं?"

हा शेवटचा प्रश्न म्हणजे धोरण रोजच्या कामात उतरण्याची जागा. ताईंनी "थांबते" म्हटलं की भेटींचा आकडा कमी होणार. तो कमी झाला म्हणून वरून विचारणा आली तर समन्वयक ताईंच्या मागे उभा राहणार का? राहणार असेल तर पुढच्या वेळी त्या स्वतःहून असा निर्णय घेतील. नसेल तर पुन्हा सहा शाळा. संचालकांनी समन्वयकाला ही मुभा तोंडी नव्हे, लेखी द्यावी. आकडा खाली आला तर देणगीदाराला खुलासा संचालक करतील, असं त्यात असावं.

प्रत्येकाची तिमाही उद्दिष्टं तीनच्या वर नेऊ नका. पंधरा उद्दिष्टं दिली की माणूस त्यातली सोपी निवडतो आणि त्याची काही चूक नसते. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या संशोधनातून दिसलं आहे की "जमेल तेवढं करा" यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिल्यावर काम चांगलं होतं. पण त्यासाठी माणसाने ते उद्दिष्ट मनाने स्वीकारलेलं हवं आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळच्या वेळी कळायला हवं. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर आकड्याऐवजी शिकण्याचं उद्दिष्ट जास्त उपयोगी पडतं. "या तिमाहीत कुठल्या तीन पद्धती चालतात ते शोधणं" हेही उद्दिष्टच आहे. आणि पहिली काही वर्षं तरी हे पगारवाढीला जोडू नका. जोडलं की लोक खात्रीने गाठता येईल असंच लिहितात.

हिशेब, गाडी, डेटा

लेखापालाला "तुमच्या कामामुळे मुलं वाचायला शिकतात" असं सांगायची पद्धत आहे. ते ऐकून लेखापाल नम्रपणे मान हलवतो आणि व्हाउचरकडे वळतो. इतका लांबचा धागा ओढू नका. जवळचा धागा पुरतो: फील्डचा ॲडव्हान्स वेळेवर मिळाला नाही तर भेट पुढे जाते. तेव्हा मागणी आल्यापासून किती दिवसांत पैसे मिळतात, हे लेखा विभागाचं उद्दिष्ट होऊ शकतं. गाडीचं वेळापत्रक कुणाच्या कामाप्रमाणे ठरतं, पाहुण्यांच्या की कार्यकर्त्यांच्या, हेही बघा. डेटा भरणाऱ्या माणसाला चुकीची नोंद परत पाठवण्याचा अधिकार आहे का, तेवढं विचारा.

अचानक येणाऱ्या कामाबद्दल थोडक्यात. ते थांबणार नाही, म्हणून आठवड्याचा काही भाग मुद्दाम मोकळा ठेवा आणि "आता नाही, गुरुवारी" असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे हे जाहीर करा. तो अधिकार संचालकांच्या फोनलाही लागू असला पाहिजे, नाहीतर त्याला अर्थ नाही.

पुन्हा बिघडलं तर

बिघडतंच, आणि ठरावीक वेळी बिघडतं: मोठं नवं अनुदान आल्यावर, समन्वयक सोडून गेल्यावर, संचालक बदलल्यावर. या तीन प्रसंगी वेळेची नोंद आणि प्रश्नांची यादी पुन्हा काढा, कार्यशाळा नको. नव्या अनुदानाच्या वेळी ही तपासणी करार होण्याच्या आधी केली, तर कुठलं काम सोडावं लागेल हे सही करण्यापूर्वीच दिसतं, आणि कधीकधी ते अनुदान नाकारावंही लागतं.

संस्था पाच-सहा जणांचीच असेल तर यातलं बरंचसं नको. नोंद ठेवायची गरज नाही, कोण काय करतं हे सगळ्यांना दिसतंच. तिथे सोमवारी अर्धा तास बसा आणि प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगा: या आठवड्यात उद्दिष्टासाठी मी करणार असलेलं एक काम, आणि त्यासाठी मी बाजूला ठेवणार असलेलं एक काम. दुसरी गोष्ट कुणालाच सांगता येत नसेल, तर वर दिलेला थांबवण्याच्या कामांचा रकाना आधी भरायला घ्या.